नोंद नसलेला वणवा

बाबांच्या थापा मोजायच्या म्हटल्या तर बोटं पुरली नसती, म्हणून लेकीने त्या कधी मनावर घेतल्या नाहीत. जन्मभर जंगलात पहारेकरी राहिलेला माणूस. बिबट्याने त्यांना वाट विचारली होती, आणि त्यांच्या एका शिंकेने पाखरांचा थवा भलत्याच देशात जाऊन उतरला होता.

लेक वनखात्याच्या कचेरीत संगणकावर नकाशे करायची. उतार किती, गवत किती वाळलेलं, पूर्वी वणवे कुठे लागले, असे थर एकावर एक चढवले की जंगल रंगायचं: धोका तिथे लाल, निर्धास्त तिथे हिरवं. लाल भागातला पहारा राहणार, हिरव्यातला उठणार होता.

कोपऱ्यातली टेकडी हिरवी आली. पहाऱ्याच्या जुन्या वह्यांत तिथे एकाही वणव्याची नोंद नव्हती. वह्या बाबांच्याच हातच्या.

जेवताना तिने सहज सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, तिथे तर असा वणवा लागला होता की चंद्राची दाढी जळाली, आणि तो मी एका ओल्या पोत्याने विझवला. चंद्राला मलम कुणी लावलं, असं विचारून ती हसली. तेही हसले, जरा उशिरा.

पहारा उठला.

उन्हाळा सरता सरता टेकडी पेटली. धूर बघायला वर कुणी नव्हतं. बाबांचा जुना जोडीदार लंबू, निवृत्त झालेला, ओलं पोतं घेऊन एकटाच चढला. तो खाली आला नाही.

लंबूला स्मशानात पोचवून बाबा थेट कचेरीत आले आणि तिच्या टेबलापाशी परक्यासारखे उभे राहिले.

"लिहून घे. तू जन्मलीस तो दिवस. मी टेकडीवरचा पहारा सोडून दवाखान्यात आलो होतो. परत गेलो तर लंबू एकटा आग विझवत होता. नोकरी जाईल म्हणून मी वहीत लिहिलं नाही. त्यानेही कधी तोंड उघडलं नाही."

"किती जळालं होतं, बाबा?"

आता चंद्र येईल, असं तिला वाटलं. यावा, असंही वाटलं.

"तीन एकर. सव्वादोन तास."

तिने आकडे भरले. पडद्यावरची टेकडी लाल झाली.

हल्ली कुणी बिबट्याचं विचारलं, तर बाबा सांगतात, "होता एक. लांबून पाहिला."