रळियातने धरलेला पाट

धरमशीची बायको रळियात गेल्याचं गावाला खरं कळलं ते तेराव्यानंतर, त्याच्या दुकानात आइस्क्रीमऐवजी थंड दूध मिळालं त्या दिवशी. चाळीस वर्षं आइस्क्रीमच्या संच्याचा दांडा तो फिरवायचा, पण डब्याभोवतीच्या बर्फात मीठ टाकायची ती. "तुम्ही फिरवा, बाकीचं मी बघते," म्हणायची.

"आइस्क्रीम जमेल कसं? तिचा जीव अडकलाय," शेजारच्या कंकुबेन म्हणाल्या. "आश्रमातल्या हिमबापूंकडे चला."

हिमबापूंच्या अंगणात निम्मं गाव बसलं होतं. बापूंनी ओल्या पाटावर तांब्या ठेवला. त्यात 'कैलासाचा' बर्फ घातला, वर मूठमूठ पांढरी विभूती टाकून घोटत मंत्र म्हटले. मग तांब्या उचलला, तर पाटही वर आला. सगळ्यांनी हात जोडले.

"पाट तिनेच धरलाय," बापू म्हणाले. "जीव संच्यात गुंतलाय. संचा आश्रमाला दे, सुटेल."

तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं. पण ती खरंच अडकली असेल तर? धरमशी 'हो' म्हणणार, तोच बापू आशीर्वादाला वाकले आणि त्यांची नुकतीच धुतलेली ओली दाढी तांब्याला चिकटली. उठायला गेले, तर दाढीमागे तांब्या, तांब्यामागे पाट.

"अगं बाई, बापूंनापण धरलं?" कंकुबेन म्हणाल्या. "रळियात तर परपुरुषाला पाहिलं की घुंगट ओढायची."

शिष्य पाट ओढू लागले. तांब्यातलं पाणी धरमशीच्या ओठावर उडालं. खारट. रळियात चाखायला बोटावर आइस्क्रीम द्यायची, ते बोट असंच लागायचं.

"बापू, विभूती खारट कशी?"

"आज आमचं मौन आहे," बापू पाटाआडून म्हणाले.

धरमशीने दुकानातून बर्फ, जाडं मीठ आणि पितळी पेला आणला. ओल्या फळीवर पेला ठेवून ढवळलं. थोड्या वेळाने उचलला, तर फळी लटकत वर आली.

"आता ही कुणी धरली?" त्याने विचारलं. "मिठाने बर्फ वितळतो आणि वितळताना आजूबाजूची ऊब ओढून घेतो. ते खारं पाणी बर्फाहूनही गार होतं, म्हणून पेल्याखालचं पाणी गोठून चिकटतं. मेलेलं माणूस पाट धरत नाही. कुणाला काही देण्याआधी तांब्यात काय आहे ते चाखून बघा."

संचा घरीच राहिला. मीठ किती घालायचं, हे रळियातला विचारायचं मात्र राहूनच गेलं.