एकशे चव्वेचाळिसावी फेरी

जुना कॉम्प्युटर दोन दिवसांत भंगारात जाणार होता, म्हणून ताई त्यातले फोटो काढून घ्यायला आली. ते काम अर्ध्या तासात आटोपलं. मग तिला कॅबिनेटच्या बाजूला चिकटवलेला कागद दिसला आणि ती तिथेच फरशीवर फतकल मारून बसली.

"बारक्या, हा अजून आहे?"

कागदावर तिच्या पंधराव्या वर्षातलं अक्षर होतं. मी तेव्हा अकरा वर्षांचा. आमच्याकडे एकच खेळ होता: शहर वसवायचं, शेतं वाढवायची, सैन्य उभं करायचं आणि उत्तरेच्या टोळ्यांना नदीपलीकडे थोपवत दोनशे फेऱ्या तग धरायचा. सगळ्यात अवघड पातळीसुद्धा महिन्याभरात सोपी वाटायला लागली, तेव्हा ताईने वहीचं पान फाडून नियम लिहिले. तटबंदी बांधायची नाही. दुसरं शहर वसवायचं नाही. एक दिवस तिचा, एक दिवस माझा, रोज दहाच फेऱ्या. प्रत्येक सैनिकाला ओळखीच्या माणसाचं नाव द्यायचं. आणि काहीही झालं तरी मागची फेरी पुन्हा उघडायची नाही. मेला तो मेला.

शेवटच्या दोन नियमांनी खेळच बदलला. आधी आम्ही वीस-वीस भालाईत बिनदिक्कत मरायला पाठवायचो. आता त्यांत दातांची डॉक्टर होती, पेपरवाला होता, ताईच्या गणिताच्या बाई होत्या. बाईंना तिने अगदी हौसेनं पहिल्या रांगेत उभं केलं होतं. त्या तीन लढायांतून सहीसलामत परतल्यावर मात्र तीच त्यांना जपायला लागली. बाबांचं चष्म्याचं दुकान, म्हणून बाबा तिरंदाज.

नियमांखाली लिहिलं होतं: "जिंकलो. सगळे नियम पाळून." त्याखाली तारीख आणि ताईची सही.

"हा मी ऑफिसात लावणार," ती म्हणाली. ताई लिफ्टची तपासणी करते. दोर, ब्रेक, दरवाजे. एक गोष्ट नापास असली तरी सही देत नाही. "सगळे विचारतात, इतकी खडूस कशी झालीस म्हणून. आता पुरावाच दाखवते. थांब, जिंकल्याचा नकाशापण छापून घेते."

तिने खेळ सुरू केला. मशीन घरघरत विचार करू लागलं. तो खेळ प्रत्येक फेरीची वेगळी नोंद ठेवायचा, वेळेसकट. यादीत एकशे चव्वेचाळिसावी फेरी चार वेळा दिसणार होती आणि ताईच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. पण खरं सांगायचं तर मी बोललो तो त्या भीतीने नाही. ती कागद इतक्या जपून सोडवत होती की मला बघवेना.

"ताई, तो नको लावूस. मी मागची फेरी उघडली होती."

"कधी?"

"बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी."

ती आणि आई हॉस्पिटलमध्ये होत्या. आत्या बाहेरच्या खोलीत फोनजवळ बसली होती. खेळायचा दिवस माझा होता. पुलाच्या तोंडाशी घोडेस्वार आले आणि बाबा पडले. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ऑपरेशन दोनला सुरू झालं होतं. मी मागची फेरी उघडली. बाबा पुन्हा पडले. तिसऱ्यांदा मी त्यांना मागे घेतलं, तरी पडले. चौथ्यांदा वाचले.

ताईने कागद मांडीवर ठेवला. "मग हे खोटं आहे."

"मी अकरा वर्षांचा होतो!"

"माहितीये."

"आणि तिकडे बाबा टेबलावर होते!"

"आणि मी बाकावर होते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तिथे कशावरच आपलं काही चालत नव्हतं. डॉक्टर काही सांगत नव्हते, आई बोलत नव्हती. मी घड्याळ बघून मोजत होते, आता बारक्याची तिसरी फेरी असेल, आता चौथी. इथे तरी सगळं नियमानं चाललंय, एवढंच धरून बसले होते."

तिने पेन काढलं आणि स्वतःची सही खोडली.

दारात बाबा उभे होते, हातात अर्धं सोललेलं संत्रं. "म्हणजे मी अकरा वर्षं मेलोय," ते म्हणाले, "आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही?"

"बाबा, थट्टा नको," ताई म्हणाली.

"थट्टा कसली? कुठे पडलो ते तरी दाखवा."

त्या फेरीची पहिली नोंद यादीत जशीच्या तशी होती. ताईने ती उघडली. पुलाजवळ एक राखाडी शिरस्त्राण पडलं होतं, त्याखाली लिहिलं होतं: बाबा. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावलं.

"इथे उभं केलंस मला? एकट्याला? अरे, शेजारी एक तरी भालाईत द्यायचास!"

"पेपरवाला होता. तो आधीच गेला."

"बिचारा. पेपर तर वेळेवर टाकायचा." त्यांनी संत्र्याची एक फोड ताईच्या हातावर ठेवली. "मग खेळा की इथून पुढे. मी नाहीये असं धरून."

ताईने माझ्याकडे पाहिलं. "दिवस तुझाच आहे. सहा फेऱ्या राहिल्यात तुझ्या."

मी खुर्चीत बसलो. तिरंदाजाशिवाय पूल राखणं किती कठीण आहे, ते मला तेव्हा कळलंच नव्हतं, कारण मी ते कधी करून पाहिलं नव्हतं. दातांची डॉक्टर दोन फेऱ्या टिकली. एकशे अठ्ठेचाळिसाव्या फेरीत गणिताच्या बाई पडल्या. ताईने फक्त ओठ घट्ट मिटले. माझा हातही मागची फेरी उघडायच्या बटणाकडे गेला नाही. माझ्या सहा फेऱ्या संपल्यावर ती खुर्चीत बसली आणि तिच्या पहिल्याच फेरीत शहर पडलं.

ताईने "जिंकलो"वर रेघ मारून लिहिलं: "एकशे एक्कावन्नावी फेरी. हरलो. सगळे नियम पाळून." सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी केली.

तिने पेन बाबांपुढे धरलं.

"मला कशाला?" ते शेवटची फोड तोंडात टाकत म्हणाले. "मयताची सही चालत नाही."