फाटकाशी थांबलेला माल

"फाटक उघड," लंबूने केबिनमधून मान बाहेर काढून सांगितलं. इंजिन चालू होतं. मागे काँक्रीटने भरलेला ड्रम गरगरत होता.

ताई जागची हलली नाही. आडव्या लोखंडी नळाच्या फाटकाला पाठ लावून ती उभी होती, हातात खराटा. तिच्या मागे डांबर दिसतच नव्हतं. डोंगराच्या झाडीतून उतरलेले लाल खेकडे रस्ता ओलांडून समुद्राकडे चालले होते, एकमेकांच्या पाठीवर चढत, पोटाखाली अंड्यांचा गोळा सांभाळत. सुक्या पाल्यावरून खूप माणसं हळू चालावीत तसा आवाज येत होता.

"ऐकू येत नाही का?"

"येतं. तुला दिसत नाही का?"

दोन महिन्यांनी बहीणभाऊ एकमेकांशी बोलत होते.

बेटाच्या टोकाला हॉटेल उभं राहत होतं. परवानगी मिळाली ती एका अटीवर: खेकडे अंडी सोडायला उतरतील तेवढा वेळ हा रस्ता बंद. फाटक कंपनीने बसवलं, फाटकावरच्या ताईचा पगारही कंपनीच देई. धक्क्याजवळच्या काँक्रीटच्या प्लांटमध्ये मिक्सर भरण्याआधी ड्रायव्हरने फाटकावर फोन करून विचारायचं, अशी पद्धत होती. वडिलांच्या जागेवरून बहिणीशी वाजल्यापासून लंबू फोन करत नव्हता. त्याच्या वतीने प्लांटचा ऑपरेटर विचारायचा. आज ऑपरेटरला वाटलं लंबूने विचारलं, आणि लंबूला वाटलं ऑपरेटरने.

पलीकडून मोटारसायकलचा आवाज आला. साइटचा सुपरवायझर खेकड्यांच्या कडेला येऊन थांबला आणि तिथूनच ओरडला, "लंबू, अर्धा स्लॅब भरून झालाय. हा माल वेळेत पडला नाही तर मध्ये जोड राहील. इंजिनिअर सगळा स्लॅब फोडायला लावेल."

"साहेब, फाटकाला कुलूप आहे."

"फाटकावर बहीण आहे ना तुझी?"

"बहीण घरी," ताई म्हणाली. "इथे फाटकवाली."

"अहो ताई, एक गाडी जाऊ द्या. खराट्याने जरा बाजूला करा त्यांना."

"सकाळपासून दुसरं काय करतेय? एक बाजूला केला की चार येतात. तुम्ही या, करून बघा."

सुपरवायझरने पायाजवळच्या खेकड्यांकडे पाहिलं. तो आला नाही. वाईट माणूस नव्हता तो; हा स्लॅब फुटला तर त्याच्याही पोटावर पाय येणार होता. "लंबू, ड्रममध्ये पाणी मारत राहा," तो म्हणाला. "आणि वेळ आली तर फाटक तोड. वर मी बघतो."

लंबू खाली उतरला. ताईजवळ जाऊन त्याने आवाज उतरवला.

"ताई, या महिन्यात मला कायम करणार आहेत. कायम झालो की क्वार्टर. दोन खोल्या."

"माहितेय."

"माहीत असून उभी आहेस? पोरगी मोठी होतेय, आणि मी सहा वर्षं सासऱ्याच्या पडवीत पडलोय. लोक तोंडावर घरजावई म्हणतात."

"मीही म्हटलंय एकदा."

"विसरलो नाही मी ते. वडिलांच्या जागेवर सही दिली असतीस तर ही वेळ आली नसती."

"जागा विकून काय घेणार होतास? घर की मोटारसायकल?"

"दोन्ही."

ताईच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसू बाहेर आलं नाही. 

"हॉटेल यायच्या आधी तुझ्या या खेकड्यांना कुत्रंही विचारत नव्हतं," लंबू म्हणाला. "चिरडून जायच्या गाड्या. हॉटेल आलं म्हणून त्यांना फाटक मिळालं."

"आणि तुला मिक्सर मिळाला, मला पगार मिळाला. मी कुठे नाही म्हणते? पण आज एक गाडी सोडली की उद्या दोन येतील. मग इथे फाटक कशाला हवं, आणि मी तरी कशाला?"

लंबू ऐकत नव्हता. तो ड्रमचा आवाज ऐकत होता. भरून निघाला तेव्हा आत माल सळसळत होता. आता तो जड होऊन एका बाजूने वर चढत होता आणि धपकन आपटत होता. लंबूने पाण्याचा कॉक फिरवला, चालतं तेवढं पाणी सोडलं आणि बंद केला.

"अजून सोड," सुपरवायझर पलीकडून म्हणाला.

"जास्त झालं तर ताकद जाईल मालाची. त्या स्लॅबखाली माणसं झोपणार आहेत, साहेब."

"मग गाडी आण."

ड्रममध्येच माल धरून दगड झाला तर ड्रम कामातून जाणार होता. आत उतरून हातोड्याने फोडत बसायचं. तेवढं करूनही पूर्वीसारखा होत नाही. लंबूने घाम पुसला.

ताईने कमरेची किल्ली काढली. "हे बघ, मी उघडणार नाही. पण तुझ्या पोरीचं घर माझ्यामुळे अडलं असं मला ऐकायचं नाही. घे. उघड आणि घाल गाडी. कुणी विचारलं तर मीच उघडलं म्हणून सांगेन."

"नोकरी जाईल तुझी."

"जाईल."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून त्याला जास्त राग आला. त्याने किल्ली घेतली, कुलूप काढलं, नळ वर ढकलला. तिच्या हातातला खराटा ओढून घेतला आणि चाकाच्या रुंदीची वाट झाडत निघाला. खेकडे नांग्या उगारत बाजूला सरकत होते. एक त्याच्या बुटाला वळसा घालून पुढे गेला. अर्ध्यावर पोचून त्याने मागे पाहिलं. झाडलेली वाट पुन्हा लाल झाली होती.

"शाब्बास," सुपरवायझर म्हणाला. "आता आण गाडी. डोळे मीट आणि आण."

लंबूने आपल्या गाडीकडे पाहिलं. दहा चाकं होती तिला. तो पाय जपून टाकत परत आला, नळ खाली घेतला, कुलूप लावलं आणि किल्ली ताईच्या हातात ठेवली. मग केबिनमध्ये चढून सीटमागून एक पिशवी ओढून काढली.

सुपरवायझरने ती लांबूनही ओळखली. 

"लंबू, ती खाली ठेव."

पिशवीत साखर होती. साखर पडली की सिमेंट धरत नाही. माल वाया जातो, पण ड्रम वाचतो. म्हणून प्रत्येक मिक्सरवाला ती जवळ बाळगतो, आणि वरच्याने सांगितल्याशिवाय कुणी पिशवीचं तोंड सोडत नाही.

"तुला कुणी सांगितलं का?"

"नाही, साहेब."

"मग लिहून ठेव, आज शेवटचा दिवस तुझा."

लंबू मागची शिडी चढला. ताईने न सांगता शिडी धरली आणि पिशवी वर दिली. त्याने ती ड्रमच्या तोंडाशी उलटी केली. एवढ्या खडखडाटात साखरेचा आवाज आलाच नाही. पलीकडे सुपरवायझर मोटारसायकलवर पाठमोरा बसून फोनवर सांगत होता, "थांबवा. हो, स्लॅब थांबवा. माल येत नाही."

लंबू उतरला तेव्हा ताई म्हणाली, "घरी मी येऊ का बोलायला?"

"नको."

"बायको घरात घेणार नाही तुला."

"पडवीतच असतो मी. घरात कुठे असतो?"

या वेळी ताई हसली, आणि लगेच पदराने तोंड पुसत खेकड्यांकडे वळली. लंबूने गाडी मागे घेतली.

प्लांटवर त्याने सगळा माल टाकाऊच्या खड्ड्यात ओतला. ऑपरेटर त्याच्या नजरेला नजर देत नव्हता. 

"साहेबांचा फोन आला होता. गाडीची किल्ली ठेवून जा म्हणाले. उद्यापासून दुसरा ड्रायव्हर येतोय."

"बरं."

लंबूने पाइप जोडला, ड्रममध्ये पाणी सोडलं आणि ड्रम उलटसुलट फिरवू लागला. खालून दाट राखाडी पाणी यायला लागलं.

"आता तू कशाला धुतोस?" ऑपरेटर म्हणाला. "राहू दे. ज्याची गाडी तो बघेल."

"आत साखर राहिली तर उद्याचा माल धरणार नाही."

ऑपरेटर निघून गेला. पाणी राखाडीचं फिकट झालं, मग दुधाळ. अखेर ते नितळ आलं, तेव्हा लंबूने ओंजळीत धरून उजेडात पाहिलं, सोडून दिलं, आणि ड्रम पुन्हा एकदा फिरवला.