दुपट्याची मशीन

शाळेच्या स्नेहसंमेलनात शरयूने सेनापतीचं काम केलं आणि तेव्हापासून तिचा आवाज जो चढला, तो उतरायलाच तयार नव्हता. त्याआधी ही मुलगी दूधवाल्याशीसुद्धा आईच्या पाठीमागून बोलायची. आता नया बाजारातल्या भाजीवालीशी ती अशी हुज्जत घालायची की भाजीवालीच हात टेकून म्हणायची, "बिन्नी, तुम तो वकील बनोगी!" आणि शरयूला ते मनातून अगदी पटलेलं होतं.

तेव्हा शांताताईंना फिरतीची शिवणमशीन घ्यायची आहे हे कळल्यावर कोण पुढे सरसावलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

शांताताई खासगी बाजारात राहायच्या. घराणं फौजेतलं. सासरे फौजेत, नवरा फौजेत, आणि ताई स्वतः गोधड्यांचा वर्ग चालवायच्या तोही पलटण चालवावी तसा. दुपारची जेवणं उरकली की बायका जुनी लुगडी काखोटीला मारून यायच्या. ठिगळांचे तुकडे जोडायचे आणि कड शिवायची ती मशीनवर, मधला धावदोरा हाताने, आणि गप्पा सगळ्यांनी मिळून. ताईंची मशीन होती पायाची. लोखंडी, भलीथोरली, तुळशीवृंदावनासारखी एका जागी रोवलेली. तिला हलवायची वेळच कधी आली नव्हती.

पण यंदा मध्यभारत मोडून नवा प्रांत होणार होता. इथल्या मोतीमहालातल्या सरकारी कचेऱ्या भोपाळला निघाल्या होत्या. कचेऱ्यांबरोबर कारकून निघाले आणि कारकुनांबरोबर त्यांच्या बायका. अर्धा वर्ग ट्रंका भरायला लागला.

"ताई, तिकडे आमच्या गोधड्या अर्ध्याच राहायच्या हो," वनमालाबाई पदर डोळ्याला लावून म्हणाल्या. त्यांच्या यजमानांच्या बदलीचा हुकूम आला होता, आणि त्यात लेकीचं बाळंतपण तोंडावर.

"अर्ध्या का राहतील?" ताई कडाडल्या. "कचेरी हलते, मग वर्ग हलायला काय झालं? दिवाळीच्या सुट्टीत मी येते. चांगली आठवडाभर राहीन. फक्त आगगाडीत नेता येईल अशी मशीन पाहिजे. आणि हाताखाली एक पोरगी."

पोरगी! शरयू उडालीच. पण आईने तिथल्या तिथे अट घातली. "ताईंना आधी मशीन नीट निवडून दे. मग भोपाळचं बघू."

ताईंचं आणि हिंदीचं फारसं सख्य नव्हतं, म्हणून दुकानात बोलायचं काम शरयूकडे आलं. ताईंनी निघताना बजावलं, "हलकी बघ. पण हलकी नको."

"म्हणजे?"

"वजनाला हलकी गं! मालाला नव्हे."

बाड्याच्या चौकातल्या मशिनींच्या दुकानात आई बाकावर टेकली आणि शरयू पुढे झाली. चष्मेवाले म्हातारे सेठजी काउंटरमागे बसले होते. त्यांच्यासमोर हाताच्या तीन मशिनी मांडलेल्या. एक दांडगी, एक मधली, आणि एक इतकी चिमुकली की भातुकलीतून पळून आल्यासारखी.

"क्या सिलना है, बिटिया?"

आता आली का पंचाईत! गोधडीला हिंदीत गुदडी म्हणतात हे शरयूला ठाऊक होतं. पण गुदडी म्हणजे भिकाऱ्याच्या अंगावरची लक्तरं. ताईंच्या कलाकुसरीला भर बाजारात गुदडी म्हणायचं? छे! मग तिला सुचलं. वर्गात नवी बाई आली की तिला आधी दुपटं शिवायला देतात. तान्ह्या बाळाला गुंडाळायचं, छोटंसं, मऊ. किती सभ्य शब्द!

"दुपटा!" ती सेनापतीच्या आवाजात म्हणाली. "हमारी क्लास में पहले सब दुपटा ही सिलते हैं."

"दुपट्टा? उसमें सिलना क्या है, बिटिया? किनारी?"

"हाँ जी. किनारी तो मशीन पर ही चाहिए."

"तो फिर ये ले जाइए. फूल जैसी है." सेठजींनी चिमुकली पुढे सरकवली. "पसंद न आए तो वापस."

शरयूने ती एका हाताने उचलली आणि दुसऱ्या हाताने आईला खूण केली. बघ!

खासगी बाजारात नुसता जल्लोष झाला. ताईंनी मशीन करंगळीवर तोलून पाहिली. "अगं, ही तर भाजीच्या पिशवीत मावेल!" वनमालाबाईंनी लेकीच्या बाळासाठी शिवायला घेतलेलं दुपटं आणलं. मऊ लुगड्याचे चार पदर, वर ठिगळांची नक्षी. ताईंनी ते सुईखाली धरलं आणि मूठ फिरवली.

टक. टक. खट्!

सुई वाकून बसली. मशीन जागीच अडली.

"आता ही भोपाळला नेऊन हिच्यावर माशा मारा," कोपऱ्यातून लीलाताई म्हणाल्या. त्यांच्या जिभेला हाड असं नव्हतंच.

ताईंनी शरयूकडे पाहिलं. "तू त्याला नेमकं काय सांगितलंस?"

शरयूने शब्दन्‌शब्द सांगितलं. ताई अशा हसत सुटल्या की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. "अगं बये, त्यांचा दुपट्टा म्हणजे ओढणी!"

ओढणी! शरयूच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली रोज दुपट्टा पिनने टाचून येत होत्या. एकीचा तर तिने स्वतः शाईने रंगवला होता! झोपेतसुद्धा हिंदी बडबडणारी मुलगी ती, आणि दुकानात नेमकं घरातलं मराठी उसळून वर आलं.

"झालं भोपाळ," आई हळूच म्हणाली.

पूर्वीची शरयू असती तर आईच्या पाठीमागे गेली असती. आजही तिचा पाय तिकडेच वळत होता. पण चार पदरांचं ते बिचारं दुपटं सुईत अडकून तिच्याकडे बघत होतं. तिने सुई हलकेच सोडवली आणि दुपटं घडी घालून काखेत मारलं.

"मी परत जाते. या वेळी दुपटंच बोलेल."

"मीही येते," ताई चपला शोधत म्हणाल्या. "पण दुकानात तोंड तूच उघडायचं."

सेठजींच्या काउंटरवर शरयूने चिमुकली मशीन परत ठेवली आणि शेजारी दुपटं फडकन पसरलं. "सेठजी, गलती मेरी थी. आपका दुपट्टा वो, हमारा दुपटं ये."

सेठजींनी चष्मा वर केला, पदर चिमटीत धरून पाहिले आणि मान डोलावली. "अरे बिटिया, ये तो गुदड़ी है!"

तोंड न उघडण्याचा ताईंचा बेत तिथेच संपला. "गुदडी नहीं! राजा के घर का बच्चा बी इसमेंच सोता है!"

सेठजींनी हातच जोडले. "माफ कीजिए, माताजी. हमें क्या पता." आणि हसू दाबत त्यांनी मधली मशीन ओढली, जाड सुई लावली, दुपटं खाली सरकवलं. मशीन चारही पदरांवरून सरसर चालली. शरयूने ती लाकडी झाकणाच्या कडीला धरून उचलली आणि दारापर्यंत नेऊन परत आणली. खांद्याला रग लागली, पण जमलं.

ताईंचं मात्र तोंड उतरलं. त्यांनी स्वतः एकदा शिवून पाहिलं होतं. "हिला एक हात फिरवायलाच लागतो गं. उरलेल्या एका हाताने जाड गोधडी कशी आवरायची? बघ, शीव वाकडी गेली. पायमशीनवर दोन्ही हात मोकळे असतात."

शरयूने मशीनकडे पाहिलं, ताईंच्या हातांकडे पाहिलं आणि मूठ पकडली. "तुम्ही धरा. मी फिरवते."

"हळू हं."

"तुम्ही म्हणाल तशी."

ताई नुसत्या "हं" म्हणत गेल्या. लांब "हं" आला की ती सावकाश फिरवायची, तुटक आला की थांबायची. शीव निघाली ती जणू फूटपट्टी ठेवून आखलेली. ताईंनी तिच्यावरून दोनदा बोट फिरवलं.

"हीच," त्या म्हणाल्या.

टांगा खासगी बाजारात शिरला तेव्हा आई ताईंच्या दारातच उभी होती. शरयूने कुणाला हात लावू न देता मशीन आत नेली, तोंड लालबुंद झालं तरी.

"वहिनी," ताई गंभीर चेहऱ्याने आईला म्हणाल्या, "मशीन छान मिळाली. फक्त तिचा एक भाग सुटा आहे. तो आठवणीने भोपाळला न्यावा लागेल."

"अगंबाई, कुठला?"

ताईंनी शरयूकडे बोट दाखवलं.

आईने लेकीकडे पाहिलं. घामेजलेली, केस विस्कटलेले, आणि दुपटं अजून खांद्यावर. ते तिने दोन्ही बाजूंनी ऐटीत सोडलं होतं. अगदी दुपट्ट्यासारखं.

"ने बाई," आई हसत म्हणाली. "पण तिकडे तिला हिंदी तेवढी जपून बोलायला सांग."