मामांच्या मापाची कवळी

मी एक जुनी कवळी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण पेल्यातल्या पाण्यात बसलेली असेल आणि तिला पाहून तुम्ही कधीतरी किंचाळला असाल. आम्ही आपण होऊन कुणाला चावत नाही. चावायचं तर ज्याच्या तोंडात आम्ही बसतो त्याची परवानगी लागते, आणि माझ्या माणसाने ती मला कधीच दिली नाही.

माझा जन्म दात बनवणाऱ्या एका कारागिराच्या मागच्या खोलीत झाला. तिथे फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. गुलाबी मेणात एकेक दात रोवून, तापवून, घासूनपुसून त्याने मला घडवलं. मी होते एका पक्षाच्या गावातल्या अध्यक्षांच्या मामांसाठी. मामांचा जबडा रुंद होता आणि टाळू उथळ. त्यांच्या प्लास्टरच्या जबड्यावर मी अशी चपखल बसले की कारागीर स्वतःशीच "वा" म्हणाला. माझ्या आयुष्यातलं निखळ कौतुक तेवढंच. मी घरी पोचले त्याच आठवड्यात मामा वारले. मेलेल्या माणसाला दात काय करायचे? अध्यक्षांनी मला डबीसकट कपाटात टाकून दिलं.

आता माझ्या माणसाविषयी सांगते. तो खुर्च्यांच्या आणि सोफ्यांच्या गाद्या भरायचा. सगळे त्याला खुर्चीवाले काका म्हणत. त्याच्या धंद्यात दातांना मोठा मान असतो. बारीक खिळे, ज्यांना कारागीर चुका म्हणतात, ते मूठभर तोंडात धरायचे, जिभेने एकेक पुढे आणायचा, दातांत पकडायचा, एका हाताने रेक्झिन ताणायचं आणि दुसऱ्या हाताने ठोकायचं. याचे स्वतःचे दात असताना त्याचा हात इतका जलद चालायचा म्हणे की गिऱ्हाईक बघत उभं राहायचं. मी 'म्हणे' म्हणते, कारण मी आले ते हे सगळं संपल्यावर.

दुसरा त्याचा व्यवसाय म्हणजे पक्ष. त्यातून मिळकत काही नव्हती. पक्षाच्या मिरवणुकीत तो पुढे असायचा. कुणीतरी ओरडायचं, "येऊन येऊन येणार कोण?" आणि हा मानेच्या शिरा ताणून उत्तर द्यायचा, "आपल्याशिवाय आहेच कोण!" घोषणेचा दुसरा अर्धा भाग ही त्याची जागा होती. पहिला अर्धा भाग त्याला कधी कुणी दिला नाही आणि त्याने मागितलाही नाही.

समोरच्या पक्षात तेव्हा एक वीटभट्टीवाला होता. तरुण, आडदांड, लगेच हात उगारणारा. एका निवडणुकीत दोन मिरवणुका चौकात समोरासमोर आल्या. बाचाबाची झाली, बाचाबाचीची हातघाई झाली. वीटभट्टीवाल्याला दगड शोधायला कुठे जायचं नव्हतं, त्याचा ट्रक मागेच उभा होता. माझा माणूस "आहेच को" पर्यंत पोचला असताना वीट त्याच्या तोंडावर बसली. पुढचे दात तिथेच गेले. वरचे जे उरले ते हलत होते म्हणून दवाखान्यात काढून टाकले.

पक्षाने ठरवलं की आपल्या निष्ठावंताला दात द्यायचे. त्याला त्याच कारागिराकडे नेलं. तोंडात मेण भरून माप घेतलं, आणि तोंडात मेण असतानाच फोटो काढला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते फोटोत छान आलं. लगेच सत्काराची तारीख अलीकडे आली आणि तोवर कवळी तयार होणार नव्हती. तेव्हा अध्यक्षांनी कपाट उघडलं आणि मला उजेडात धरून म्हणाले, "मामांची आहे की. तोंड ते तोंड. बसेल."

अशी मी भाषणासकट त्याच्या तोंडात आले. टाळ्या वाजत होत्या. मी त्याच्या टाळूला टेकले आणि मला लगेच कळलं की हे माझं घर नाही. त्याचा जबडा अरुंद होता. मी एका बाजूने रुतत होते आणि दुसऱ्या बाजूने उचलली जात होते. त्यालाही कळलंच असणार, जिभेला सगळं कळतं. पण तो माईकवर म्हणाला, "अगदी माझ्याच मापाची आहे."

मित्रांनो, खोटं बोलू नये असं तुम्हाला शिकवतात. कृतज्ञतेने बोललेलं खोटं तर मुळीच बोलू नये, कारण ते पुढे रोज चावावं लागतं.

त्याच्या हिरड्यांना फोड येत. बायको मीठ घातलेलं कोमट पाणी द्यायची आणि म्हणायची, "अहो, बदलून घ्या ना ही."

"पक्षाने दिलेली आहे. बदलली तर लोक म्हणतील, पक्षाला नावं ठेवतो."

"लोकांच्या तोंडात आहे का ती?"

"बसेल हळूहळू."

मी बसले नाही. मी कडक आहे, बदलायचं ते त्याच्या हिरडीने बदलायचं होतं. चुका माझ्यात धरता येईनात. एक चूक तर त्याने गिळलीसुद्धा. मग तो वाटीतून एकेक उचलून ठोकू लागला. काम निम्म्यावर आलं, गिऱ्हाईक तयार खुर्च्यांकडे वळलं. तरी पक्षाच्या कार्यालयातली अध्यक्षांची खुर्ची त्यानेच भरली, लाल रेक्झिनची, आणि पैसे घेतले नाहीत. प्रत्येक निवडणुकीला घरची गाडी आल्यासारखी पक्षाची गाडी त्याला न्यायला यायची. घोषणा देताना मी पडू नये म्हणून तो जीभ वर रेटून धरायचा. त्यामुळे त्याची घोषणा जरा बोबडी यायची. पोरं नक्कल करायची. तुमच्यासारखीच असतील.

वर्षं गेली. मी पिवळी पडले, तो पांढरा झाला. आणि मग ही निवडणूक आली.

कार्यालयात उमेदवाराचं नाव जाहीर झालं तेव्हा मी त्याच्या तोंडात होते, म्हणून मला जबड्याचा झटका आधी कळला. उमेदवार वीटभट्टीवाला होता. आदल्या आठवड्यात तो समोरचा पक्ष सोडून या पक्षात आला होता आणि माझ्या माणसाने भरलेल्या लाल खुर्चीत रेलून बसला होता. त्याने खुर्ची दाबून पाहिली आणि म्हणाला, "गादी चांगली आहे."

माझा माणूस बाहेर येऊन पायरीवर उभा राहिला. एक जुना कार्यकर्ता समजूत घालायला आला. म्हणाला, "आता काय करता काका, दगडापेक्षा वीट मऊ." बोलून गेल्यावर त्यानेच जीभ चावली.

पण खरी मजा पुढे आहे. प्रचाराच्या सभेत वीटभट्टीवाल्याने माझ्या माणसाला मंचावर बोलावलं. त्याच्या खांद्यावर हात टाकून माईकवर सांगितलं की जुनं वैर आम्ही कधीच विसरलो, हे काका निष्ठेचा आदर्श आहेत, दात आम्ही पाडले पण पक्षाने नवे दिले. लोक हसले. मग त्याने टेबलावरच्या टोपलीतून एक सफरचंद उचललं.

"दाखवा काका, पक्षाने दिलेले दात अजून चालतात का."

घरी तो सफरचंद किसून खायचा. नाही म्हणता आलं असतं. पण समोर माणसं होती, फोटोवाले होते, आणि नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. त्याने तोंड उघडलं आणि मला त्या सफरचंदात रुतवलं. मी चावले. माझ्या बाजूने मी माझं काम चोख केलं. त्याने सफरचंद मागे ओढलं आणि मी सफरचंदाबरोबर बाहेर आले.

वीटभट्टीवाल्याने ते सफरचंद माझ्यासकट हातात घेतलं आणि वर उंच धरलं. "ही बघा निष्ठा," तो म्हणाला. "धरलं की सोडत नाही."

मैदान हसून लोळलं. अध्यक्ष डोळे पुसत होते. मित्रांनो, तेवढ्या उंचीवरून मी त्या दिवशी एक गोष्ट पाहिली. इतकी वर्षं मी त्याच्या तोंडात होते, पण माणसांच्या गर्दीत त्याचं तोंड मी बाहेरून कधी पाहिलं नव्हतं. ते लहान, चेपलेलं, आत गेलेलं होतं. आणि तोही हसत होता. सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या तालात, स्वतःवर. मला त्याची किळस आली. दयाही आली, पण ती नंतर.

दुसऱ्या दिवशी तो मला रुमालात गुंडाळून कारागिराकडे घेऊन गेला. कारागीर आता म्हातारा झाला होता. "जरा घट्ट करून द्या," माझा माणूस म्हणाला.

कारागिराने मला उलटंपालटं करून पाहिलं. आपल्या हातचं काम ओळखायला त्याला चष्माही लागला नाही.

"ही तुमची नाही," तो म्हणाला. "ही अध्यक्षांच्या मामांची. तुमच्याकडे कशी आली?"

"माझं माप घेतलं होतं तुम्ही. मेण भरून."

"घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, बनवू नका. मला वाटलं तुम्ही दुसरीकडून करून घेतलीत." त्याने माझ्या माणसाचं तोंड उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "इतकी वर्षं ही घालून जेवलात?"

वीट त्याने माफ केली होती. मंचावरचं हसणंही त्याने गिळलं असतं, चूक गिळली तसं. पण आपलं माप कुणी ठेवलंच नव्हतं, हे त्याला सोसेना. घरी येईपर्यंत तो एकच वाक्य पुटपुटत होता, "फोटो तर काढला होता."

कारागीर म्हणाला होता, नवीन माप देऊन जा. त्याने सांगितलं, "आधी मत देऊन येतो."

समोरच्या पक्षाकडून दवाखान्यातल्या नर्सबाई उभ्या होत्या. वीट लागली तेव्हा त्याच्या तोंडातलं रक्त यांनीच पुसलं होतं. मतदानाच्या दिवशी पक्षाची गाडी दाराशी आली. तो गाडीत बसला नाही. ऊन असताना पायी गेला, तोंड इतकं गच्च मिटून की मी पहिल्यांदाच हलले नाही. परत येऊन खाटेवर बसला. बायको भाजी निवडत होती.

"नर्सबाईंना दिलं," तो म्हणाला. आवाज असा होता, जणू घराला आग लावून आला आहे.

"बरं केलंत. मी दर वेळी त्यांच्याच पक्षाला देते."

"दर वेळी? वीट लागली तेव्हासुद्धा?"

"तेव्हासुद्धा. वीट काय मी मारली होती?"

"बोलली नाहीस कधी."

"तुम्ही विचारलंत कधी?" ती म्हणाली आणि देठं गोळा करून आत गेली.

निकाल लागला. वीटभट्टीवाला पडला. नर्सबाई अगदी थोड्या मतांनी निवडून आल्या. थोड्या म्हणजे इतक्या की आपलं एक मत त्यात नक्की असणार, असं ज्याला त्याला वाटावं. माझा माणूस दिवसभर दुकानात गुणगुणत होता. त्याने जुनी सवय म्हणून चार चुका तोंडात धरल्या, दोन सांडल्या, आणि तरी हसला. बायकोला म्हणाला, "उद्या जातो माप द्यायला. माझ्या पैशाने करतो." मला त्याचा राग आला नाही. एखाद्या चुकीच्या तोंडातून सुटका होणार असेल तर डबीसुद्धा गोड लागते.

माप द्यायला निघायच्या वेळीच गल्लीत ढोल वाजले. उघड्या जीपमध्ये नर्सबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या गळ्यात माझ्या माणसाच्या पक्षाचा पट्टा होता. शेजारी अध्यक्ष. दुसऱ्या बाजूला वीटभट्टीवाला, पडलेला असून जिंकल्यासारखा. गावाच्या विकासासाठी नर्सबाई आदल्या रात्री पक्षात आल्या होत्या. जीप दुकानासमोर थांबली.

"निष्ठावंत काका," वीटभट्टीवाला वरून म्हणाला, "गाडी पाठवली तर बसला नाहीत. आम्हाला कळलं सगळं. पण राग नाही. मत शेवटी घरातच आलं."

नर्सबाईंनी हात हलवला. त्यांनी त्याला ओळखलं नाही.

माझ्या माणसाने तोंड उघडलं. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. ते माझ्यापर्यंत येत होतं, जिभेच्या मुळाशी मला ते जाणवत होतं, जड आणि कडू. आयुष्यात एकदा तरी मला कुणाला चावायला मिळणार म्हणून मी टाळूला घट्ट धरून राहिले. तेवढ्यात वीटभट्टीवाल्याने हात वर करून आरोळी दिली, "येऊन येऊन येणार कोण?"

आणि जीभ वर रेटली गेली. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"आपल्याशिवाय आहेच कोण," माझा माणूस म्हणाला.

स्पष्ट म्हणाला. बोबडंसुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जीप पुढे गेली. तो रस्त्याकडे पाहत उभा राहिला, तोंड अजून उघडंच. बायको उंबऱ्यात होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

माप द्यायला तो गेला नाही. कारागिराने निरोप पाठवला, तेव्हा म्हणाला, "आता काय करायचंय." कार्यालयातून एक नवी खुर्ची भरायला आली आहे, नर्सबाईंसाठी. तो वाटीतून एकेक चूक उचलून ती ठोकतो आहे.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करायचा असतो, म्हणून करते. दात घासत जा. स्वतःचे आहेत तोवर सांभाळा. आणि कुणी प्रेमाने तुमचं माप घ्यायला आलं, तर फोटोनंतर थोडं थांबा, ते माप कुठे ठेवतात ते पाहा. हे मी त्यालाही सांगितलं असतं, पण मला बोलायला तोंड त्याचंच लागतं.

जेवायची वेळ झाली आहे. तिने सफरचंद किसून त्याच्या बशीत घातलं आहे. त्याने मला काढून बशीच्या कडेला ठेवलं आहे. किसलेल्या सफरचंदाला माझी गरज नसते.