ठकीनं आम्हाला ठकवलं

मित्रांनो, मी एक जुना रबरी चेंडू आहे. पण मला आजवर कुणी बॅटनं मारलेलं नाही. टेबल टेनिस शिकवणाऱ्या एका बाईंनी माझ्या अंगभर काळ्या शाईनं अक्षरं लिहिली, मला जाळीत घातलं आणि सरावाच्या खोलीत छताच्या हुकाला टांगलं. मी झुलायचो आणि खेळाडूंनी मान न हलवता, नुसत्या डोळ्यांनी माझा पाठलाग करून अक्षरं वाचायची. मुलं मला ‘डोळेफोड्या’ म्हणत. पण त्यांनीच बक्षिसं आणली की बाई माझ्याकडे बोट दाखवत, आणि मी आणखीच फुगायचो.

पुढे पडद्यावर ठिपके पळवणारं यंत्र आलं आणि माझ्या जाळीवर धूळ साचली.

एका दुपारी बाईंनी आपल्या भाचीला आणलं. तिचं लाडाचं नाव ठकी. मेंदूज्वरातून पोर वाचली, पण पुस्तक वाचताना तिची ओळ सुटायची. डॉक्टर म्हणाले होते, डोळे धड आहेत. मेंदूचा हुकूम त्यांच्यापर्यंत उशिरा पोचतो. सरावानं फरक पडेल, किती ते सांगता येत नाही. वाचन सुधारलं नाही तर शाळा तिला खालच्या वर्गात बसवणार होती. तिच्या बाबांचं मत निराळंच.

“सगळं दिसतं तिला. अंगचोर आहे, झालं.”

यंत्रावरचे ठिपके तिच्यासाठी फार वेगानं पळत. मला मात्र हळू झुलवता येई. म्हणून मला पुसून पुन्हा कामाला लावलं. आधी नजर माझ्यावर ठेवून मला नुसतं हातानं झेलायचं, अक्षरं नंतर.

थोड्याच दिवसांत ठकी मला अचूक झेलू लागली. बाई हरखल्या, तिची आई रडली. मला मात्र तिचे डोळे समोरून दिसत होते, आणि ते असायचे खिडकीकडे! माझा हुक कुरकुरायचा, त्या आवाजाच्या अंदाजानं ती हात पुढे करायची.

मग बाईंनी हुकाला तेल घातलं. ठकीचा हात हवेतच राहिला.

“ठके, आम्हाला ठकवत होतीस होय गं?”

“तुम्ही सगळे इतके खूश होता ना,” ती पुटपुटली.

बाई रागावल्या नाहीत. त्या मला रोज वीतभरच झुलवू लागल्या. ठकीचे डोळे कधी माझ्या पुढे उडी मारत, कधी मागे रेंगाळत. वैतागून ती मला गुद्दे घाली, मी सोसले.

आणि एकदा तिची नजर अलगद माझ्यावर येऊन टेकली. मी सरकलो, तशी तीही सरकली.

“मावशी, ढ.”

वर्गातली मुलं तिला हेच चिडवत. ठकी पोट धरून हसत सुटली. तिला न्यायला आलेले बाबा दारात थबकले. त्यांनी मला थांबवून निरखलं. ‘ढ’च होता. त्यांनी खुर्ची ओढली आणि मला जोरात झोका दिला.

“हळू, बाबा. मी येतेय ना.”

ठकी आपल्याच वर्गात राहिली. वाचताना ओळीखाली बोट धरावं लागतं अजून, पण ओळ सहसा सुटत नाही.

मित्रांनो, तुमच्या शेजारच्याची ओळ चुकली तर फिदीफिदी हसू नका. पुस्तक त्याच्यासमोर नीट धरा आणि जरा थांबा. त्याचे डोळे वाटेत असतील.