मैद्याचा ज्वालामुखी

होळी होऊन आठवडा झाला होता. गंजाड गावाच्या पुढच्या एका पाड्यावर मोहाची फुलं झाडाखाली पडून वाळत होती, पण टेकडीवर वेचायला कोणी जात नव्हतं. २०१८च्या नोव्हेंबरपासून जमीन हादरत होती. त्याची थोडी सवय झाली होती. माणसं अंगणात मांडव घालून निजायची. पण होळीच्या बाजारात कोणीतरी सांगितलं, टेकडीच्या पोटात आग आहे, ती फुटून वर येणार. तेव्हापासून टेकडी बंद.

शुक्रीआजी दरवर्षी सगळ्यांच्या आधी वर जायची. यंदा तीच म्हणाली, "नाही जायचं." मग बाकीच्या बायकाही थांबल्या.

तिची नात संगिता आठवीत होती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी सरांनी तिला ज्वालामुखी करायला सांगितलं होतं. तिने आधी तांदळाच्या पिठाचा केला. तो वाळला आणि तुकडे होऊन पडला. मग आईने डब्यातला किडे पडलेला मैदा दिला. संगिताने त्यात मीठ घातलं, घट्ट मळला आणि अर्ध्या कापलेल्या बाटलीभोवती थापून डोंगर केला. वरून लाल माती चोळली.

आजीने ते पाहिलं. "हे काय?"

"ज्वालामुखी. शाळेसाठी."

आजीचा चेहरा उतरला. "मोड तो. असलं घरात करायचं नाही. बोलावल्यासारखं होतं."

संगिताला रडू आलं, पण ती म्हणाली, "आजी, एकदा बघ. मग तू सांगशील तर नाल्यात टाकते."

दुपारी आजी शेजारच्या सुकीला आणि आणखी चौघींना घेऊन अंगणात येऊन बसली.

संगिताने बाटलीत खायचा सोडा आणि हळद घालून पाणी ओतलं. सोड्याने हळदीचं पाणी लालसर झालं. मग तिने वाटीभर लिंबाचा रस ओतला. फसफसून फेस वर आला आणि पिवळा होऊन डोंगरावरून खाली ओघळला. बायका मागे सरकल्या. थोड्या वेळाने फेस बसला.

"झालं?" सुकीने विचारलं.

"झालं. सोडा संपला."

आजी पुढे वाकली. "आपल्या टेकडीत असं आहे का? खरं सांग."

"सर म्हणाले, आता नाही. पण फार पूर्वी होतं. हा आपला काळा दगड म्हणजे तेव्हाचाच वितळलेल्या दगडाचा थंड झालेला रस."

"म्हणजे आला होता!"

"माणसंसुद्धा नव्हती तेव्हा, आजी. आत्ता जे हलतंय ते वेगळं. जमिनीखाली दगड सरकतात. त्याने आग येत नाही, घर मात्र पडू शकतं."

आजी आणखी काही विचारणार तेवढ्यात खालून घुमल्यासारखा आवाज आला. घरातली भांडी खणखणली. सगळ्या उठून भिंतीपासून लांब पळाल्या. दोन-तीन क्षणांत सगळं थांबलं. मैद्याच्या डोंगराला तोंडापासून खालपर्यंत चीर गेली होती.

सगळ्या टेकडीकडे बघत होत्या. तिथे धूर नव्हता. गुरं चरत होती. आजी कपाळाशी हात आडवा धरून बराच वेळ तिकडे बघत उभी राहिली.

"हा कधी न्यायचा शाळेत?" तिने विचारलं.

"सोमवारी."

"मग चीर बुजव. मैदा आहे अजून?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच आजीने टोपली घेतली. संगिताच्या आईने विचारलं, "एकट्याच जाता?"

"आग नाही म्हणते पोरगी. हादरे तर इथंही आहेतच. वर निदान डोक्यावर कौलं नाहीत."

चौघी तिच्या मागून निघाल्या. सुकी दारातच थांबली. "तुम्ही जाऊन या," ती म्हणाली, "मी परवा येते."